सर्जापूर रोडचा समुद्र आणि छीकाका

सर्जापूर रोडला समुद्र आणणारा माणूस मी, हे मी चामराजपेटात कुणालाही छाती काढून सांगतो. आता मी स्वतः समुद्र अजून बघितलेला नाही, ती गोष्ट वेगळी. एकदा मंगळूरच्या बसमध्ये बसलो होतो, पण घाटात मला अशा उलट्या लागल्या की कंडक्टरनंच खाली उतरवलं आणि माझ्यासाठी परतीच्या बसला हात केला. तेवढ्या अनुभवावर मी इंग्लंडातला समुद्राकाठचा जुना पब उभा केला. तो बघून ज्यांनी सगळ्यात जास्त नाक मुरडलं, त्या छीकाकांबद्दल बोलायचं आहे.

तोंडावर काका, पाठीमागं छीकाका. जयनगरला राहायचे. मूळ महाराष्ट्रातले, इथं कानडी मुलखात सरकारी कारखान्यात मोठे इंजिनिअर होते, रिटायर होऊन जमाना झालेला. उंच, वाळलेले, आणि नाक असं की दारातून आधी नाक आत यायचं, मग काका. त्या नाकाला जगातलं काहीच पसंत नव्हतं. कॉफी आली, छी. पेपर आला, छी. शेजाऱ्यानं नवं गेट बसवलं, तर ते बघायला मुद्दाम रस्ता ओलांडून जायचे आणि तिथं उभं राहून छी. पण ती छी साधी नव्हती. आधी लांब श्वास ओढायचे. मग थांबायचे. आपल्याला वाटायचं, सुटलो या वेळी. मग यायची. आणि तिच्या मागून कारण यायचंच. ‘‘कारण नसलेली छी म्हणजे नुसती शिंक,’’ असं त्यांचं म्हणणं.

मी लाकडाला पॉलिश करणारा माणूस. शाळेत गेलोय मी, नाही असं नाही, बाकांना पॉलिश मारायला. काकांच्या घरी पहिल्यांदा गेलो ते त्यांच्या पुढच्या दाराचं काम घेऊन. जीव ओतून घासलं. काका बाहेर आले, श्वास ओढला, थांबले. ‘‘छीः! नागोजी, हे दार आहे का तेल लावलेलं टक्कल?’’ माझा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला. काका म्हणाले, ‘‘तुझं नाही रे. तुझं निदान एकसारखं तरी चमकतं.’’ दार परत घासायला लावलं. तेव्हापासून त्यांच्या घरातल्या प्रत्येक खुर्चीला मला बोलावणं, आणि प्रत्येक खुर्चीमागं एक छी.

आम्ही चामराजपेटचे जुने मराठे. पिढ्यान् पिढ्या इथंच. आमच्या मराठीत कानडी कधी मिसळलं ते आम्हालाही ठाऊक नाही. मी म्हणायचो, ‘‘काका, स्वल्प थांबा, हा पॉलिशचा कोट वाळू दे.’’ तर काका, ‘‘छीः! तुझी मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी.’’ मी म्हणलं, काका, पोट भरतं की नाही? पुढं एकदा मी ऐकलं, भाजीवालीशी घासाघीस करताना ते स्वतःच म्हणत होते, ‘‘स्वल्प कमी कर, अक्का.’’

मग सर्जापूर रोडचं काम आलं. ते उलटंच काम. जन्मभर जुनं लाकूड नवं करून दिलं, इथं नवं लाकूड जुनं करायचं होतं. ओनर पुण्याचा मुलगा, कंप्युटरची नोकरी सोडलेला. मला म्हणाला, ‘‘नागो अण्णा, ॲक्च्युअली मला प्रॉपर ओल्ड इंग्लिश सीसाइड पब पाहिजे. आत आल्यावर फील आला पाहिजे की बाहेर समुद्र आहे.’’ बाहेर तळं होतं. त्या तळ्यावर बारा महिने पांढरा फेस, आणि वास असा की स्पिरिटनं नाक जळालेल्या माझ्यासारख्या माणसाच्याही डोळ्यांतून पाणी यावं. मी म्हणलं, सरी, म्हणजे आमच्याकडचं ‘बरं’. फेस तर तयारच आहे, म्हणजे अर्धं काम झालं.

काकांची टीपॉय घासता घासता मी हे त्यांना हसत हसत सांगितलं. काकांनी श्वास ओढला. थांबले. मी छीची वाट बघत खाली मान घालून बसलो. आलीच नाही. वर बघितलं तर काका खिडकीबाहेर बघत होते.

‘‘त्यात बायकांची खोली आहे का रे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कसली खोली, काका?’’

‘‘उद्या येतो मी,’’ म्हणाले, आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिकडं जाताना रिक्षात त्यांनी मला सांगितलं. लग्न नुकतं झालेलं, तेव्हा कारखान्यानं त्यांना एक मशीन शिकायला इंग्लंडला पाठवलं होतं. समुद्राकाठचं छोटं गाव. काकू पण बरोबर. थंडी, धुकं, आणि काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नाही. बंदरावर एक पब होता. सगळं गाव संध्याकाळी तिथं. पुरुष बाहेर काउंटरला, आणि कोपऱ्यात लाकडी पेटीसारखी एक लहान खोली, ती बायकांची. कोळ्यांच्या बायका तिथं विणत बसायच्या. काकूंना त्या बायकांनीच हात धरून आत नेलं, ते पुढं रोजचंच झालं. ‘‘त्या गावात ती हसायची ती तेवढ्याच जागी,’’ काका म्हणाले. आता काकू सगळं विसरत चालल्या होत्या. मुलाचं नाव विसरल्या, देवाचा श्लोक विसरल्या, आणि अधूनमधून काकांकडे बघून कामवालीला विचारायच्या, हे गृहस्थ कोण, कधीचे बसलेत, यांना चहा दिला का? काकांच्या डोक्यात एवढंच आलं होतं, की तसली खोली दिसली तर तिला ओळख पटेल. खोलीची पटली, तर आपली पण पटेल.

पहिल्या दिवशी काका पबात शिरले आणि दारातच रुमाल नाकाला. तळ्याच्या वासावर उतारा म्हणून ओनरनं समुद्राच्या वासाचा फवारा मागवला होता. दोन्ही वास एकत्र झाले की सडलेल्या माशानं लग्नासाठी अत्तर लावल्यासारखं वाटायचं. मासळी बाजारातून जुनी जाळी आणून छताला टांगली होती, ती नीट धुतलेली नव्हती, खाली मांजरं जमलेली. भिंतीवर प्लॅस्टिकचा लालभडक मोठा खेकड्यासारखा प्राणी.

‘‘छीः! अरे, हा जिवंतपणी काळपट असतो. शिजवला की लाल होतो. तू भिंतीवर शिजलेलं मढं टांगलंयस.’’

मी म्हणलं, ‘‘मी नाही काका, ओनरनं.’’

‘‘मग तू काय केलंस?’’

मी अभिमानानं तुळई दाखवली. नव्या लाकडाला सायकलच्या चेनीनं बडवलं होतं, चहाचा काढा आणि काजळी फासली होती, आणि बारीक ड्रिलनं किड्यांची भोकं पाडली होती. हे करताना एकदा काढ्याचा पेला आणि माझ्या चहाचा पेला यांची अदलाबदल झाली, आणि पुढं कितीतरी वेळ माझी जीभ सागवानी होती. काकांनी चष्मा पुसून भोकं बघितली. ‘‘नागोजी, किडा असा ओळीत जातो का? हे लाकडातले किडे आहेत का परेडमधले?’’

ओनरला काका एकदम आवडले. खरोखर तिकडं राहिलेला माणूस! ‘‘काका, मला हिस्टरी सांगा ना. वॉलवर लावू.’’

काका खुर्ची पुसून बसले आणि सांगायला लागले. तो पब मुळात पब नव्हताच. मासे खारवायचं गोदाम होतं. कामगारांना मिठानं तहान लागायची, म्हणून मालकाच्या बायकोनं कोपऱ्यात बिअरचं पिंप ठेवलं. मासे कमी झाले, पिंपं वाढली, असा तो पब झाला. भिंतीत मीठ इतकं मुरलेलं की दमट हवेत भिंतीला घाम फुटायचा. दगडी फरशी, तिच्यावर वाळू टाकलेली, कारण ओले बूट. छत इतकं खाली की काका रोज कपाळमोक्ष करून घ्यायचे. काउंटरच्या लाकडाला कोपरं टेकून टेकून खळगे पडलेले, आणि प्रत्येक खळग्याचा माणूस ठरलेला. दाराशी हवेचा दाब दाखवणारं यंत्र. होडी पाण्यात घालायच्या आधी कोळी त्याच्यावर बोटानं टकटक करून बघायचे. ‘‘आणि वास,’’ काका म्हणाले, ‘‘ओल्या कुत्र्याचा, तंबाखूचा, माशाचा. पण तो त्यांचा स्वतःचा होता. बाटलीतून आणलेला नव्हता.’’

ओनर म्हणाला, ‘‘मासे खारवायचं गोदाम म्हणजे… काका, थोडं बोअरिंग होतं. पायरेट्स टाकू या का? आणि एक भूत?’’

काकांनी श्वास ओढला. आता पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं. पण काकांनी तो श्वास गिळला. माझ्यासमोर, त्या मांजरांसमोर गिळला. ‘‘टाक,’’ म्हणाले. ‘‘काय हवं ते टाक. मी काही बोलणार नाही. मला फक्त कोपऱ्यात ती बायकांची खोली हवी, मी सांगीन तशी.’’

‘‘ओ, कोझी कॉर्नर! डन, काका.’’

मग पायरेट आले, भूत आलं. हिस्टरीची फळी मीच भिंतीला ठोकली. इंग्रजी अक्षरं माझ्यासाठी मुंगळे, त्यात ती जुन्या वळणाची, वेलबुट्टीदार. फळी उलटी लागली. बरेच दिवस कुणाला कळलं नाही, उलट ओनरच्या मैत्रिणी तिच्यासमोर उभं राहून म्हणायच्या, वॉव, किती ओल्ड.

खोलीचं काम मात्र काका रोज समोर बसून करून घ्यायचे. डोक्याच्या वर जाईल एवढी लाकडी भिंत, तिच्यावर दुधी काचेची पट्टी. आत एक बाक, उंच पाठीचा. काउंटरच्या बाजूला एक सरकती लहान खिडकी, पेला आत द्यायला, म्हणजे बाईला काउंटरपर्यंत यायला नको आणि पुरुषाला आत डोकवायला नको. मी काढा फासायला घेतला तर ओरडले, ‘‘इथं नको! इथं खोटं काही लावायचं नाही.’’ बाकाचा रंग हिरवा सांगितला. मी हिरवा मारला. दुसऱ्या दिवशी आले, म्हणाले, लाल. लाल मारला. मग म्हणाले, रंग नसावाच, साधं लाकूड. मी परत खरवडायला बसलो. पाठ सरळ ठेवली, मग कलती केली, मग परत सरळ. शेवटी मी पत्र्याचा डबा आपटला.

‘‘काका, एकदा काय ते ठरवा की! तुम्ही बघितलंय ना?’’

काकांनी बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘‘नाही.’’

‘‘नाही म्हणजे?’’

‘‘बायकांची खोली होती रे ती. पुरुषांनी जायचं नाही. मी बाहेर काउंटरला. आत काय होतं ते मी कधीच बघितलं नाही. ती सांगायची तेवढं ऐकायचो, आणि तेव्हा मी तरी कुठं नीट ऐकत होतो? आता रोज रात्री जेवताना तिला विचारतो, बाक कसा होता गं. एक दिवस हिरवा म्हणते, एक दिवस लाल म्हणते. काल म्हणाली, कसला बाक?’’

माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्या चामराजपेटाला ठाऊक आहे. त्या दिवशी लागलं. मी बाकाला नुसतं मेण लावलं आणि घासत बसलो.

पब उघडायच्या आदल्या दुपारी काका काकूंना घेऊन आले. उघडल्यावर इथं ढोल बडवतील, म्हणून आदल्या दिवशी. काकूंच्या अंगावर इरकल साडी, वर त्या खोलीत शिकताना स्वतःच विणलेला असावा तसा ओबडधोबड स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. काका त्यांच्या डोळ्यांच्या कडेला हात धरून चालत होते, घोड्याला झापड लावतात तसं. ‘‘इकडं बघू नकोस, घाण आहे. तिकडं पण नको, तिकडं मढं आहे.’’ तेवढ्यात माझ्या कोपराचा धक्का बटणाला लागला आणि स्पीकरमधून लाटा फुटायला लागल्या. काकू घाबरून काकांना बिलगल्या. मी धावत जाऊन वायर उपटली. तिच्याबरोबर प्लगही भिंतीतून बाहेर आला.

काकूंना खोलीत बाकावर बसवलं. काका उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसले. काकू बाकाकडे बघत नव्हत्या, काचेकडे बघत नव्हत्या, स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

‘‘ओळखलीस का जागा?’’ काकांनी विचारलं.

‘‘घरी कधी जायचं?’’

‘‘अगं, त्या बायका नाही का, विणायला शिकवायच्या…’’

‘‘तुम्हाला उशीर होत असेल,’’ काकू परक्या माणसाशी बोलतात तसं म्हणाल्या. ‘‘माझ्यासाठी थांबू नका.’’

काका उठले. चेहरा असा, की मी तिथं नसतो तर बरं झालं असतं. बाहेर काउंटरला आले, आणि कुणावर तरी राग काढायला हवा होता तर समोर मी उभा. ‘‘छीः! हा काय काउंटर आहे? याला खळगा आहे का? हे ऑपरेशनचं टेबल आहे! आणि ही घंटा? देवळातून पळवलीस का? आणि तू दात काय काढतोयस, माकडा?’’ मी दात काढत नव्हतो, माझे दात तसेच आहेत. पण काकांचा आवाज चढला तो चढला. जाळी झाली, भूत झालं, तळं झालं, ओनरच्या पायातली चप्पल झाली.

आतून सरकत्या खिडकीवर टकटक झाली.

खिडकी बोटभर सरकली, आणि काकूंचा आवाज आला. दबलेला, लाडिक, तरुण बाईचा असतो तसा. ‘‘अहो, हळू बोला ना. इकडं सगळ्या बायका हसताहेत तुम्हाला.’’

आणि खिडकी बंद झाली.

काका काउंटरला दोन्ही हात टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता आत जातील. मीच फटीतून डोकावलो. काकूंनी बाकाच्या पाठीला डोकं टेकवलं होतं, डोळे मिटले होते, आणि हसत होत्या. मी हातानं खूण केली, जा की आत. काकांनी मान हलवली. पुरुषांनी जायचं नाही. मग त्यांनी लांब श्वास ओढला, आणि इतके दिवस गिळलेल्या सगळ्या छी बाहेर काढल्या. कारणांसकट. पायरेटची छी, फवाऱ्याची छी, माझ्या किड्यांची, माझ्या टकलाची, माझ्या सात पिढ्यांची. डोळ्यांतून धार लागलेली, नाक गळतंय, आणि आवाज मात्र खणखणीत, लाकडाच्या पलीकडं पोचेल एवढा. मी अधूनमधून ‘‘हो काका, चुकलं काका,’’ म्हणत राहिलो, म्हणजे त्यांचं थांबायला नको. इतक्या शिव्या मी लग्नातसुद्धा खाल्लेल्या नाहीत.

पुढं काकूंचं जास्त झालं, आणि त्यांचा मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. इकडं पबात त्या खोलीत चारचौघं मावत नाहीत म्हणून ओनरला ती खटकायला लागली. भिंत पाडून तिथं फोटो काढायला जहाजाचा नांगर आणि पायरेटची टोपी ठेवायची, असं ठरलं. पाडायला मलाच बोलावलं. मी गेलो. फरशी दारूनं चिकट झालेली, बुटाला धरून ठेवत होती. बायकांच्या बाकावर कुणीतरी ओकून ठेवलेलं, आणि त्यावर टिश्यूपेपर पसरून झाकलेलं. सरकत्या खिडकीच्या खाचेत सिगरेटची थोटकं. मला इतकी किळस आली की माझी मलाच ओळख पटेना. मी श्वास ओढला, थांबलो, आणि ओनरच्या तोंडावर मोठ्यानं म्हणलं, छीः! पण कारण सांगायला गेलो तर घशाशी आलं, आणि मी तिथंच, त्याच्या पायाशी उलटी केली. मंगळूरचा घाट परवडला.

घरी येऊन काकांना फोन केला. खोली मोडणार, हे सांगायला जीभ वळत नव्हती. सांगितलं.

‘‘मोडू दे,’’ काका म्हणाले. ‘‘लाकूडच ते. हे बघ, मी इथं रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसून पेपर वाचतो, मोठ्यानं, एकेका बातमीला शिव्या घालत. मधलं दार लोटलेलं असतं. ती आत पडल्या पडल्या ऐकते. सून म्हणते, बाबा, जरा हळू. मी म्हणतो, तुला नाही ऐकवत मी.’’

त्यानंतर थंडीत काका गेले. काकूंच्या आधी गेले. मला कळलं ते बऱ्याच दिवसांनी, मुलाकडून. काकूंना कुणी सांगितलं का, हे मी विचारलं नाही. म्हणजे तो फोन आमचा शेवटचा. असा शेवटचा फोन, आणि मी त्यात काय केलं? फुशारकी मारली. म्हणलं, ‘‘काका, मी पण सोडत नाही हां. ओनरच्या तोंडावर छी म्हणलं आणि लाथ मारली त्या कामाला. सोडून आलो!’’

पलीकडून लांब श्वास ऐकू आला. मग काका म्हणाले, ‘‘तू कसला सोडतोयस? हाकललं असेल तुला.’’